चुकण्याची मुभा

५६व्या वर्षी मी पुन्हा वर्गात जाऊन बसलो. स्पॅनिश शिकायला! कारण लोर्का. हा स्पॅनिश कवी १९३६ साली मारला गेला. त्याच्या पश्चात १९४० मध्ये निघालेल्या 'दिवान देल तामारित'मधल्या कवितांना त्यानं 'गासेला' आणि 'कासिदा' म्हटलंय. म्हणजे आपली गझल नि कसीदाच! मराठीत गझल लिहिणाऱ्याला मग राहवेल कसं?

पण पहिल्या दिवशी छाती धडधडत होती. लहानपणी आमच्या घरी दखनी बोलत. दखनीत नपुंसकलिंग नाही, 'किताब' स्त्रीलिंगी. तिसरीत मी 'माझी पुस्तक' म्हणालो आणि सगळा वर्ग हसला. गुरुजीही हसले. पुढं वर्षभर मी वर्गात तोंड उघडलं नाही.

आमच्या स्पॅनिशच्या बाई माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी पहिल्या तासाला व्याकरणाचं नावही काढलं नाही. 'लेवान्तेन्से' म्हणत त्या उठल्या, 'सिएन्तेन्से' म्हणत बसल्या. त्यांच्याबरोबर आम्हीही उठलो-बसलो. बोलायची सक्ती नव्हती. आधी कान, मग जीभ. तान्हं मूलही असंच शिकतं.

पुढच्या तासाला वर्गात बाजार भरला. कागदाच्या नोटा, तांदूळ-साखरेच्या पुड्या. 'क्वान्तो क्वेस्ता?' म्हणजे केवढ्याला? घासाघीस करता करता आकडे तोंडात बसले. तांदूळ 'आर्रोस', साखर 'आसूकार'. दोन्ही शब्द अरबीतून स्पेनमध्ये गेलेले. साखरेचं मूळ तर आपल्या 'शर्करे'त!

मग चेंडूचा खेळ. चेंडू झेलणाऱ्यानं आधीच्याची आवड सांगून आपली सांगायची. 'मे गुस्ता एल मांगो', मला आंबा आवडतो. आंबे अनेक असले की 'मे गुस्तान', आवडतात. 'आय लाइक'च्या वाटेनं जाणारे इथं अडखळत होते. बाई म्हणाल्या, "इंग्रजी विसरा, मराठीतून या." खरंच, ही रचना आपल्या घरचीच!

एकदा मी 'एल मानो' म्हणालो. मानो म्हणजे हात. 'ओ'नं संपणारे शब्द बहुधा पुल्लिंगी, पण हा नेमका स्त्रीलिंगी. चूक कळली आणि मी पुन्हा तिसरीतला मुलगा झालो. बाईंनी मात्र आपला हात पुढं केला, "सी, ला मानो," म्हणाल्या आणि खेळ चालू ठेवला. कुणी हसलं नाही. पुढच्या फेरीत मीच हात वर केला.

या खेळांचं मर्म मला तेव्हा उमगलं. खेळात चूक झाली तर फार तर चेंडू खाली पडतो, माणूस पडत नाही. आपल्या शाळांतही दखनी, भिल्ली, गोंडी बोलणारी मुलं मराठीच्या पहिल्या पायरीवर उभी असतात. त्यांची चूक हसण्यावारी न नेता बरोबर शब्द त्यांच्या हाती द्यायला हवा.

स्पॅनिशमध्ये 'ओहाला' असा शब्द आहे. तोही अरबीतून आलेला, मूळ अर्थ 'अल्लाहची इच्छा असेल तर'. ओहाला, असं घडो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)