अणुसुरक्षेचे धोरण आणि आपले विद्यार्थी



 राज्यशास्त्र आणि संरक्षणशास्त्राच्या या अधिवेशनाच्या अध्यक्षीय भाषणात विषयाचा वर्षभराचा आढावा घ्यायची आपल्याकडे प्रथा आहे. आज ती बाजूला ठेवून मी एकाच गोष्टीसाठी आपला वेळ मागते. अणुसुरक्षेचे धोरण हे क्षेत्र आपल्या विद्यार्थ्यांनी शिकावे आणि त्यात कामाला लागावे, असे मला मनापासून वाटते. त्यासाठी पदार्थविज्ञानाची पदवी लागतेच, हा समज आपल्या विभागांमध्ये घट्ट बसलेला आहे. तो का सोडला पाहिजे, हे एका घटनेवरून सांगते.

२०१०च्या एप्रिलमध्ये दिल्लीतल्या मायापुरी भंगार बाजारातली काही माणसे एकामागून एक रुग्णालयात दाखल होऊ लागली. कातडी काळवंडलेली, केस गळालेले. कारण लवकरच कळले: किरणोत्सर्ग. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात गॅमा किरणांचे एक जुने यंत्र होते. ते त्याच फेब्रुवारीत लिलावात भंगार म्हणून विकले गेले होते. आत कोबाल्ट-६०च्या कांड्या होत्या. भंगारवाल्यांना हवे होते ते शिसे, म्हणून त्यांनी कवच फोडले. त्यात एकाचा जीव गेला आणि आणखी काही जण गंभीर आजारी पडले. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अणुऊर्जा नियामक मंडळ यांच्या पथकांनी बाजार धुंडाळून कोबाल्टचे तुकडे गोळा केले.

आता या प्रकरणात विज्ञान किती आहे ते पाहू. कोबाल्ट-६०चा अर्धायुष्यकाल सव्वापाच वर्षांचा. यंत्र कॅनडातून आले ते १९७०च्या सुमारास. म्हणजे चाळीस वर्षांत त्याची तीव्रता मूळच्या साधारण दोनशेव्या हिश्श्यावर आली होती, आणि तरीही ती माणूस मारायला पुरली. एवढे गणित बारावीचा विद्यार्थी करतो. बाकीचे सगळे प्रकरण प्रशासनाचे आहे. यंत्र १९८०च्या दशकाच्या मध्यापासून बंद पडून होते. ज्यांना ते ठाऊक होते ते निवृत्त होऊन गेले. अशी वस्तू काढून टाकायची तर नियामक मंडळाला कळवावे लागते, हा नियम होता, पण तो आठवणीत ठेवणारे कोणी खुर्चीवर उरले नव्हते. जागा मोकळी करण्यासाठी विल्हेवाटीची कागदपत्रे तयार झाली आणि त्यांवर सह्या झाल्या. त्या कागदाला कोणी अडवले नाही. मग प्रश्न असे पडतात: परवाना घेणाऱ्या संस्थेतली माणसे बदलली की जबाबदारी कोणाकडे जाते? नियामकाने किती वर्षांनी येऊन वस्तू जागेवर आहे का ते पाहायचे? वापर संपलेला स्रोत परत घेण्याचा खर्च कोणी सोसायचा? हे प्रश्न लोकप्रशासनाचे आणि कायद्याचे आहेत, म्हणजे आपलेच आहेत.

मायापुरीत कोणाचाही वाईट हेतू नव्हता. म्हणून तो अपघात म्हणून नोंदला गेला. पण तोच लिलाव, तेच शिथिल कागद, आणि आत काय आहे हे नेमके ओळखून बोली लावणारे एखादे गिऱ्हाईक, अशी कल्पना करून पाहा. जिथे हेतू येतो तिथे अणुसुरक्षा सुरू होते: चोरी, घातपात, चोरटी वाहतूक, आतल्याच माणसाचा विश्वासघात. १९८७ साली ब्राझीलमधल्या गोयानिया शहरात एका सोडून दिलेल्या दवाखान्यातून सीझियम-१३७ असलेले यंत्र भंगारात गेले. आतली निळसर चमकणारी पूड लोकांनी हौसेने घरी नेली. चार माणसे दगावली आणि एक लाखाहून अधिक लोकांची तपासणी करावी लागली. तिथेही दुष्ट हेतू नव्हता. हेतूशिवाय एवढे घडू शकते, यावरून काय ते समजावे.

बाँबच्या मालाची गोष्ट याहून गंभीर. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आपल्या हिशेबासाठी आठ किलो प्लुटोनियम किंवा अतिसमृद्ध युरेनियमातले पंचवीस किलो यू-२३५ हे एका स्फोटक साधनाला पुरेल असे प्रमाण धरते. सोव्हिएत संघ कोसळला तेव्हा असा माल किती ठिकाणी किती पडला आहे, याच्या नोंदी विस्कटलेल्या होत्या. १९९४ साली कझाकस्तानातल्या उस्त-कामेनोगोर्स्क इथल्या कारखान्यातून सुमारे सहाशे किलो अतिसमृद्ध युरेनियम अमेरिकेने विमानांनी हलवले. त्यामागे सिनेटर सॅम नन आणि रिचर्ड लुगर यांनी १९९१मध्ये घडवून आणलेला कायदा होता. शत्रुदेशाच्या गोदामांना कुलपे लावण्यासाठी आपल्या करदात्यांचा पैसा खर्च करा, हे स्वतःच्या संसदेच्या गळी उतरवणे सोपे नव्हते. माझ्या मते या क्षेत्रातले आजवरचे सर्वांत मोठे धोरणात्मक यश तेच. ते प्रयोगशाळेत झाले नाही, समित्यांच्या खोल्यांत झाले.

आणि ज्या देशाने हे केले त्याच्याच घरात २०१२च्या जुलैमध्ये काय झाले? टेनेसीतल्या ओक रिज इथल्या वाय-१२ संकुलात, अतिसमृद्ध युरेनियम ठेवलेल्या इमारतीच्या भिंतीपर्यंत मेगन राईस नावाची ब्याऐंशी वर्षांची ख्रिस्ती जोगीण दोन साथीदारांसह कुंपणे कापत जाऊन पोचली. ते शांततावादी होते, त्यांनी भिंतीवर घोषणा लिहिल्या. खोट्या इशाऱ्यांची सवय झालेल्या पहारेकऱ्यांनी खरा इशाराही तसाच सोडून दिला होता आणि काही कॅमेरे नादुरुस्त पडले होते. यंत्रणेवर खर्च कमी झाला होता म्हणून हे घडले नाही. त्या संस्थेतली माणसे धोका मानेनाशी झाली होती. संघटनांचे समाजशास्त्र शिकलेल्या विद्यार्थ्याला इथे अभियंत्याइतकेच काम आहे.

हिशेबनिसालाही आहे. वापरलेल्या अणुइंधनाच्या पुनर्प्रक्रियेच्या कारखान्यात थोडा माल नळ्यांना चिकटून राहतो, थोडा मोजमापाच्या चुकीत जातो. सोनाराच्या पेढीवर जशी घट धरावी लागते तशी इथेही धरावी लागते. घट किती मान्य करायची आणि कुठल्या आकड्याला चोरीचा संशय घ्यायचा, हे ठरवणे हे या शास्त्राचे मोठे अंग आहे.

कायद्याची बाजू मला विशेष महत्त्वाची वाटते. अणुसामग्रीच्या प्रत्यक्ष संरक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार १९८०मध्ये झाला. त्यातली संरक्षणाची बंधने मुख्यतः देशांच्या सीमा ओलांडणाऱ्या वाहतुकीपुरती होती. देशातल्या प्रकल्पांना ती लागू करणारी दुरुस्ती २००५मध्ये संमत झाली, आणि पुरेशा देशांच्या मान्यतेनंतर ती अमलात यायला २०१६चा मे महिना उजाडला. भारत २००२मध्ये मूळ करारात सामील झाला आणि दुरुस्तीला त्याने २००७मध्येच मान्यता दिली. तरी एक मोठी फट उरतेच. हा करार नागरी कामातल्या मालापुरता आहे, आणि बाँबला चालेल असा जगातला बहुतांश माल लष्करांच्या ताब्यात आहे. त्याची राखण कशी होते हे कोणी कोणाला सांगत नाही. २०१० ते २०१६ या काळात चार अणुसुरक्षा शिखर परिषदा झाल्या, पण हा दरवाजा उघडला नाही. गुपित न फोडता विश्वास कसा द्यायचा, या प्रश्नावर आपल्यातल्या एखाद्या विद्यार्थिनीने पीएचडी करावी, अशी माझी इच्छा आहे.

युक्रेनने आणखी एक प्रश्न पुढे आणला. ही सगळी व्यवस्था चोर आणि दहशतवादी डोळ्यांपुढे ठेवून उभी राहिली. मार्च २०२२मध्ये झापोरिझ्झियाचा प्रकल्प एका देशाच्या सैन्यानेच ताब्यात घेतला. त्यावर पाठ्यपुस्तकात उत्तर नव्हते. आपल्या उपखंडात मात्र एक लहानसे उत्तर आधीपासून आहे, आणि ते आपण पुरेसे शिकवत नाही. भारत आणि पाकिस्तान यांनी ३१ डिसेंबर १९८८ रोजी एकमेकांच्या अणुप्रकल्पांवर हल्ला न करण्याचा करार केला. १९९२पासून दर १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या प्रकल्पांच्या याद्या एकमेकांना देतात. कारगिलनंतरच्या जानेवारीतही दिल्या, संसदेवरच्या हल्ल्यानंतर सैन्ये सीमेवर उभी होती तेव्हाही दिल्या. यादीत काय असते ते जाहीर होत नाही. पण दोन वैरी दरवर्षी न चुकता एक कागद देतात-घेतात, हीच गोष्ट अभ्यासण्यासारखी आहे. मराठीत तिच्यावर एक नीट ग्रंथ असायला हवा होता.

आपल्या दाराशी काय आहे ते पाहू. तुर्भ्याला १९५६मध्ये अप्सरा अणुभट्टी सुरू झाली. तारापूरचे वीजकेंद्र १९६९पासून चालते. नियामक मंडळाचे मुख्यालय मुंबईत अणुशक्तीनगरला आहे. लासलगावला कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून विकिरण करणाऱ्या केंद्रात कोबाल्ट-६० आहे. वाहिन्यांच्या वेल्डिंगचे जोड तपासायला कंत्राटदार इरिडियम-१९२ असलेले रेडिओग्राफी कॅमेरे गाडीतून नेतात. देशात या विषयाचा एवढा ऐवज क्वचितच कुठे एका राज्यात असेल. तरीही या विषयावर बोलायला कोणी हवे असले की बोलावणे दिल्ली-बंगळुरूला जाते. हे मला सलते.

सुरुवात कशी करावी असे विद्यार्थी विचारतात. माझे पहिले उत्तर असते: नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा अणुऊर्जा नियामक मंडळावरचा २०१२चा अहवाल वाचा. देशातल्या ५७,४४३ वैद्यकीय एक्स-रे केंद्रांपैकी फक्त ५,२७० मंडळाकडे नोंदलेली होती, हे त्यात आहे. एक्स-रे यंत्र कोणी चोरून बाँब करणार नाही, हे खरे. पण नियामकाचा हात किती लांब पोचतो ते या आकड्यातून कळते. १९८३मध्ये सरकारी आदेशाने जन्मलेल्या मंडळाला स्वायत्तता किती, हा प्रश्नही तो अहवाल विचारतो. नंतर आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या अणुसुरक्षा मालिकेतल्या मार्गदर्शिका वाचा, त्या फुकट मिळतात. किरणोत्सर्ग, समृद्धीकरण आणि इंधनचक्र यांचे प्राथमिक ज्ञान मात्र कष्टाने मिळवा. ते नसेल तर शास्त्रज्ञ तुमचे ऐकणार नाहीत, आणि त्यात त्यांची चूक नाही.

पुढच्या वाटा अनेक आहेत. पुण्याच्या विद्यापीठात संरक्षण आणि सामरिक शास्त्राचा विभाग आहे. दिल्लीत मनोहर पर्रीकरांचे नाव लाभलेली संरक्षण अभ्यास संस्था आहे, बंगळुरूला राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्था आहे. परराष्ट्र मंत्रालयात निःशस्त्रीकरणाचा स्वतंत्र विभाग आहे, तिथे लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून जाता येते. परदेशात लंडनच्या किंग्ज कॉलेजला हा विषय पदव्युत्तर पातळीवर शिकवतात. व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने २०२०मध्ये मेरी स्क्लोदोव्स्का-क्युरी यांच्या नावाची शिष्यवृत्ती अणुक्षेत्रात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या मुलींसाठी सुरू केली आहे. आपल्या मुलींपर्यंत ही माहिती पोचवणे हे आपले काम आहे.

जागा थोड्या आहेत, हेही आज सांगितले पाहिजे. या संशोधनाला मोठा आधार देणाऱ्या अमेरिकेच्या मॅकआर्थर फाउंडेशनने २०२१मध्ये त्यातून अंग काढून घ्यायचे ठरवले, तेव्हा जगभरच्या लहान संस्थांना झळ बसली. म्हणून विद्यार्थ्यांनी सोबत एखादे पक्के कौशल्य धरावे: कायदा, उपग्रहछायाचित्रांचे वाचन, सायबरसुरक्षा, रशियन किंवा चिनी भाषा.

एक पथ्य मात्र पहिल्या दिवसापासून पाळावे लागते. कुठला स्रोत नेमका कुठे आहे, पहारा कधी बदलतो, कुंपण कुठे तुटले आहे, असली माहिती गोळा करून शोधनिबंधात छापायची नाही. ती हाती आली तर योग्य अधिकाऱ्याला कळवायची आणि गप्प बसायचे. आपण व्यवस्थेबद्दल लिहायचे: नियमांबद्दल, उत्तरदायित्वाबद्दल, पैशाबद्दल. मार्गदर्शकांनी ही रेषा विद्यार्थ्याला विषय देतानाच आखून द्यावी. गोपनीयतेच्या नावाखाली प्रश्नच विचारू न देणे हा दुसरा टोकाचा दोष आहे, आणि आपल्याकडे तो जास्त आढळतो. मायापुरीत धोका गुपित फुटल्याने आला नव्हता, वस्तूची कोणालाच आठवण न राहिल्याने आला होता.

तेव्हा अध्यक्ष म्हणून माझ्या तीन विनंत्या सभेपुढे ठेवते. पदव्युत्तर अभ्यासक्रमात अणुधोरणाच्या प्रश्नपत्रिकेत प्रतिरोधाच्या सिद्धान्ताबरोबर सामग्रीच्या सुरक्षेचा एक पूर्ण घटक यावा. पुढच्या अधिवेशनात मायापुरीवर एक स्वतंत्र सत्र असावे, त्यात विधी, लोकप्रशासन आणि भौतिकशास्त्र या तिन्ही विभागांचे निबंध मागवावेत आणि ते मराठीत मागवावेत. आणि प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या प्रयोगशाळांतल्या जुन्या किरणोत्सर्गी साधनांची नोंद अद्ययावत आहे का, हे या शैक्षणिक सत्रातच प्राचार्यांकडून तपासून घ्यावे. शेवटच्या कामाला ठरावाचीही गरज नाही. उद्या सकाळी भांडारपालाकडे जाऊन नोंदवही उघडली की ते सुरू होते.