सायलेन्सरचा अडलेला नट

आज एकाच कामाबद्दल बोलू. शंभर-सव्वाशे सीसीच्या मोटारसायकलच्या सायलेन्सरची नळी इंजिनाच्या हेडला जिथे बसते, तिथले दोन नट. बहुतेक गाड्यांत स्टड 6 मिलिमीटरचा, पाना 10 चा. गॅस्केट बदलायचं एवढंच काम. पण स्टड हेडमध्ये तुटला, की ड्रिल करा, नवे आटे पाडा, कधी हेडच उतरवा. गाडीवर पार्सल पोचवून पोट भरणाऱ्याचे दोन दिवस त्यात जातात आणि बिल वेगळंच.

हा नट अडतो कशाने? इंजिन रोज तापतं, रोज थंड होतं, वर पाऊस आणि चिखल. मुंबई, चेन्नईसारख्या किनाऱ्यावर खारी हवा. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून आट्यांमधली फट तो पाचर मारल्यासारखी भरून टाकतो. स्टड हेडमध्ये शिरतो तिथे दुसरीच गोष्ट. स्टड पोलादी, हेड ॲल्युमिनियमचं. मध्ये ओल गेली की ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि त्याची पांढरी भुकटी स्टडला धरून बसते.

आता जोराचं गणित बघा. साधारण 6 मिलिमीटरचा बोल्ट आवळायला सुमारे 10 न्यूटन-मीटर लागतात. तुम्ही पान्याला फूटभर पाइप लावून टोकाला दहा किलोचा जोर दिलात, तर ते होतात 30 च्या आसपास. तिप्पट! आटे सुटायच्या आधी स्टडच पिळून तुटणार. पाइप ट्रकच्या चाकाला ठीक, इथे तो हातातच घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. आपलं भांडण घर्षणाशी आहे. ते कमी करायचं.

म्हणून इंजिन थंड असताना तारेच्या ब्रशने उघडे आटे घासा, गंज सोडवणारं तेल मारा आणि गाडी रात्रभर राहू द्या. तेलाला आत झिरपायला वेळ लागतो, पाच मिनिटांत काही होत नाही. गिऱ्हाईक घाई करतं, त्याला आधीच सांगून ठेवा. सकाळी पुन्हा तेल, आणि हातोडीने नटाच्या बाजूंवर हलके ठोके. गोटी सहा कोनांचीच घ्या. बारा कोनांची गोटी नटाच्या टोकांजवळ धरते आणि गंजलेला नट गोल करते.

पहिल्यांदा नट किंचित आवळायच्या दिशेला हलवा, मग सोडा. पाव फेरा सुटला की पुन्हा थोडा मागे, पुन्हा तेल. करकर आवाज आला की थांबा. हाताला रबरासारखं लवचिक लागलं, तर नट फिरत नाहीये, स्टड पिळला जातोय. हे ओळखणं हत्याराहून मोठं. इम्पॅक्टचे छोटे झटके उपयोगी पडतात, पण सगळ्यात हलक्या सेटिंगवर.

तरी नाही सुटला तर उष्णता. नट तापवा, स्टड नव्हे. नट फुगला की पकड ढिली होते. स्टडच हेडमधून काढायचा असेल तर हेडची ती जागा तापवा, कारण ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. त्याआधी पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवा, सांडलेलं तेल पुसा. आणि ब्रेक क्लीनर मारलेल्या जागी ज्योत कधीच नको. क्लोरीन असलेल्या क्लीनरमधून तापल्यावर विषारी वायू निघतो.

नटाचे कोपरे गेले असतील तर आतून पिळाच्या खाचा असलेली गोटी येते, ती ठोकून बसवा. त्याहून मला नट स्प्लिटर आवडतो. नट फोडा, स्टड वाचवा. नट दोन-चार रुपयांना मिळतो. स्टड तुटलाच आणि थोडा बाहेर असेल, तर त्यावर नट वेल्ड करून घ्या, वेल्डिंगची उष्णताच अर्धं काम करते. एक्स्ट्रॅक्टर मात्र जपून. तो कडक पोलादाचा असतो. आत तुटला तर साधं ड्रिल त्याला कापत नाही, मग लेथवाल्याकडेच जावं लागतं.

परत बसवताना आट्यांना तांब्याचं ग्रीस लावा. ग्रीसमुळे घर्षण घटतं, तेवढ्याच टॉर्कला नट जास्त ताणला जातो, म्हणून थोडा कमी आवळा. दोन्ही नट आळीपाळीने, एकदम एक नको. गाडी एकदा तापून थंड झाली की पुन्हा तपासा, मग गिऱ्हाईकाच्या हातात चावी द्या.