शुल्त्स आणि पाटील

कोल्हापूरच्या एस.टी. स्टँडवर उभे राहून 'अहो पाटील!' अशी मोठ्याने हाक मारून पाहा. निदान पाच-दहा माना तरी वळतील. त्यांत कोणी मराठा असेल, कोणी जैन, कोणी लिंगायत. ही सारी मंडळी काही एकमेकांची भाऊबंद नव्हेत. मग एकच आडनाव इतके पसरले कसे?

उत्तरासाठी जरा लांब, जर्मनीत जाऊ या. तिथे 'शुल्त्स' हे आडनाव फार आढळते. शुल्त्से, शोल्त्स ही त्याचीच भावंडे. २०२१ ते २०२५ या काळात जर्मनीचे चॅन्सेलर असलेले ओलाफ शोल्त्स त्यांतलेच. मूळ शब्द 'शुल्टहाइस'. 'शुल्ट' म्हणजे देणे, आणि ते द्यायला बजावणारा तो शुल्टहाइस. धन्याच्या वतीने गावाकडून देणे वसूल करायचे, गावचे तंटे ऐकायचे, हे त्याचे काम. असा माणूस गावोगाव असे, म्हणून आडनावही गावोगाव झाले.

आता सांगा, हा आपला पाटीलच नव्हे का? जुन्या ताम्रपटांत 'पट्टकिल' असा शब्द येतो, त्याचाच पुढे पाटील झाला. सारा गोळा करणे, बंदोबस्त ठेवणे हे त्याचे काम. बदल्यात इनाम जमीन आणि मानपान. बेंदराला पाटलाचे बैल पुढे! पाटीलकी वतनाची असल्याने काम एकाकडे असले, तरी नाव साऱ्या भावकीला लागले.

पुढे कामे गेली, नावे राहिली. शाहू महाराजांनी १९१८ साली करवीर संस्थानात कुलकर्णी वतन मोडून तलाठी नेमले, पण कुलकर्णी आडनाव काही गेले नाही. मुलकी पाटलांचे वंशपरंपरेचे वतन १९६२ च्या कायद्याने संपले. पोलीस पाटील आजही आहे. पण १९६७ च्या कायद्याप्रमाणे तो नेमला जातो, जन्माला येत नाही. त्या जागी एखादी बाई असते, आणि तिचे आडनाव पाटील असतेच असे नाही.

आणि तरीही सोयरीक जमवताना 'आम्ही पाटील' हे शब्द जरा छाती काढूनच उच्चारले जातात. अशा वेळी मला कुंभोजला १८८७ साली जन्मलेले भाऊराव पाटील आठवतात. त्यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि सर्व जातींची पोरे एका पंगतीला बसवून शिकवली. सारा वसूल करण्याचे वतन त्यांनी मिरवले नाही. उलट गावाचे देणे आपल्याच माथी घेतले.

तुमचे आडनाव काहीही असो. ते कोणत्या कामावरून पडले, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा जरूर विचारा. मान कुठून आला ते कळेलच, पण त्याबरोबर कोणते काम अंगावर आले होते, तेही कळेल.