मणक्याचे ऑपरेशन : करावे की थांबावे?



मी डॉक्टर नाही, बँकेतला साधा कारकून आहे. औषधोपचार सांगण्याचा मला अधिकार नाही. परंतु सायटिकाने माझ्यापुढे जो प्रश्न टाकला, तो आपल्यापैकी अनेकांच्या वाट्याला येतो, म्हणून चार शब्द बोलतो.

कंबरेतून निघालेली कळ डाव्या पोटरीतून थेट अंगठ्यापर्यंत जायची. काउंटरवर बसणे अशक्य झाले. मी उभ्यानेच नोंदी करीत असे. ग्राहकांना वाटे, साहेब रागावलेत! एमआरआयमध्ये कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली चकती सरकून नस दाबलेली दिसली. एक डॉक्टर म्हणाले, "याच आठवड्यात ऑपरेशन करा." घरी आई म्हणाली, "मणक्याला सुरी लागली की माणूस खाटेला खिळतो." दोन्हीकडून भीतीच.

दुसऱ्या डॉक्टरांनी मात्र अर्धा तास बसवून समजावले. लघवी अडली, बसण्याची जागा बधिर झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे. पाऊल लुळे पडू लागले तरी वेळ घालवायचा नाही. यातले काही नसेल, तर घाई नको. नेदरलँड्समध्ये सहा ते बारा आठवडे तीव्र सायटिका असलेल्या 283 रुग्णांचा अभ्यास झाला, तो 2007 साली प्रसिद्ध झाला. एका गटावर लवकर ऑपरेशन केले, दुसऱ्याला थांबवले. ऑपरेशनवाल्यांचा पाय लवकर शांत झाला. पण वर्षअखेर दोन्ही गटांत सुमारे 95 टक्के लोक बरे होते. थांबलेल्यांपैकी 39 टक्क्यांना मात्र पुढे ऑपरेशन करावेच लागले.

म्हणजे प्रश्न होता तो वेदना किती दिवस सोसायची, एवढाच. आणि तो एमआरआयची फिल्म सोडवू शकत नव्हती.

मी थांबलो. गोळ्या, व्यायाम, थोडे चालणे. तीन महिने झाले, रजा संपत आली, रात्रीची झोप नाही, कळ तसूभर हटेना. तेव्हा मीच डॉक्टरांना ऑपरेशनची तारीख मागितली. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

शुद्धीवर आलो तेव्हा पायातली कळ गेलेली होती. अंगठ्याचा बधिरपणा आजही आहे, आणि फार वेळ बसलो की कंबर धरते. हे कोणी आधी सांगत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. काउंटरवर आता दर तासाला उठतो. आई मात्र अजून मला पाण्याची कळशी उचलू देत नाही.