खाडीकाठचे मचूळ पाणी

श्रोतेहो, वाळवंटातल्या विहिरी खाऱ्या का, हे सहज उमजते. ऊन पाणी आटविते, क्षार मागे राहतात. पण ठाणे, कल्याण, डोंबिवली हा तर धो धो पावसाचा मुलूख! मग खाडीकाठच्या एखाद्या बोअरचे पाणी उन्हाळ्यात मचूळ का लागावे?

पावसाचे गोडे पाणी हलके. जमिनीखाली ते खाऱ्या पाण्यावर तरंगते. ढोबळ हिशेब असा, की समुद्रपातळीच्या वर गोडे पाणी १ फूट असेल, तर खाली सुमारे ४० फूट टिकते. पंपाने तो वरचा फूट उपसलात, की खारे पाणी कातळाच्या भेगांतून वर चढू लागते.

बरे, उकळून काय होणार? जंतू मरतील, मीठ तसेच राहील. भारतीय मानक ब्युरोच्या २०१२ च्या मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले क्षार असावेत. दुसरी सोयच नसेल, तर २००० पर्यंत.

तेव्हा मे महिन्यात बोअरचे पाणी तपासून घ्या, उपसा बेताने करा, आणि पावसाळ्यात गच्चीवरचे पाणी गाळून जमिनीत जिरवा. एकदा खारावलेली विहीर पुन्हा गोडी व्हायला वर्षे लागतात.