तारे आदळतात तेव्हा



मला दहा मिनिटं मिळाली आहेत आणि त्यानंतर जेवण आहे, तेव्हा थेट विषयाला हात घालते.

नववीत सरांनी सांगितलं होतं, की तारे एकमेकांवर आदळत नाहीत, कारण मधे जागाच अफाट. अगदी बरोबर होतं ते. सूर्य म्हणजे ज्वारीचा दाणा मानून इथे साताऱ्यात ठेवला, तर सर्वांत जवळच्या ताऱ्याचा दाणा पुण्याच्या आसपास पडेल. ते आपटणार कसे?

पण आकाशगंगेच्या मध्याशी, इथून सुमारे २७ हजार प्रकाशवर्षांवर, हा हिशेब मोडतो. तिथे ४० लाख सूर्यांहून जड कृष्णविवर आहे. त्याच्याभोवती सव्वातीन प्रकाशवर्षांच्या आत साधारण दहा लाख सूर्यांइतक्या वस्तुमानाचे तारे. आपल्या सूर्याभोवती तेवढ्या जागेत दुसरा एकही तारा नाही. मधल्या सुट्टीतला पाण्याचा नळ आठवा!

खरी गंमत मात्र वेगाची. सूर्याच्या पृष्ठभागावरून निसटायला सेकंदाला ६१८ किलोमीटर वेग लागतो. तारे त्याहून पुष्कळ हळू भेटले, तर एकमेकांत मिसळून एकच मोठा तारा होतो. एम-३ या तारकागुच्छात ॲलन सँडेज यांना १९५३ साली वयाला न शोभणारे निळे, तरुण दिसणारे तारे सापडले. तशांपैकी काही असे जुळून झाले असावेत. कृष्णविवराजवळ ही सोयरीक जमत नाही. तिथला एस-२ हा तारा सुमारे १६ वर्षांत एक फेरी घालतो आणि २०१८ साली अगदी जवळून गेला तेव्हा सेकंदाला साडेसात हजार किलोमीटरांहून वेगात होता. अशा वेगात निसटता धक्का बसला तर बाहेरचे थर उधळतात. समोरासमोर बसला तर दोघांचाही भुगा.

फुगलेल्या लाल राक्षसी ताऱ्यांना हा धोका जास्त, कारण नेमच मोठा. आणि केंद्राजवळ तेजस्वी लाल तारे अपेक्षेपेक्षा कमीच दिसतात. टकरींनी त्यांची सालं निघाली असतील का? काहींना तसं वाटतं, काही जण पूर्वीच्या वायूच्या चकतीला दोष देतात. माझं मत विचाराल तर टकरींचा वाटा आहे, पण अगदी आतल्या भागापुरता. सगळी उणीव त्यांच्या खात्यावर घालता येणार नाही.

धुळीमुळे हा भाग साध्या प्रकाशात दिसतच नाही. अवरक्त प्रकाशात पाहावं लागतं. राइनहार्ड गेंझेल आणि अँड्रिया गेझ यांच्या गटांनी वर्षानुवर्षं तेच केलं. २०२० साली नोबेल मिळालं, ते या चिकाटीच्या मोजमापाला.

एस-२ पुन्हा जवळ येईल २०३४ साली. सर, तुमच्या शंका मात्र आत्ताच विचारा. जेवणाची पंगत बसली की हे लोक मला बोलू देणार नाहीत.