गाडी केवढ्याची घ्यावी?

(सोसायटीच्या सभागृहात गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसांनी मला ‘आर्थिक नियोजन’ असा भारदस्त विषय दिला होता. मी म्हटलं, एवढं मोठं नको, मी फक्त गाडीबद्दल बोलतो. कारण या दसऱ्याला आपल्याकडे तीन-चार नव्या गाड्या येऊ घातल्या आहेत, हे मला लिफ्टमध्येच कळलंय.

आपल्याच इमारतीतला एक तरुण गेल्या महिन्यात घरी आला. म्हणाला, “काका, बँक दहा लाख द्यायला तयार आहे. आठ लाखांची घेऊ ना?” मी तीस-पस्तीस वर्षं कर्जाच्या टेबलाच्या पलीकडे बसलोय, म्हणून सांगतो. बँक जो आकडा देते तो वसूल किती होईल याचा असतो. तुमच्या घरात महिनाअखेरीला काय उरतं, ते बँक विचारत नाही. मीही कधी कुणाला विचारलं नाही.

आम्ही कागद घेतला. हातात येणारा पगार ९० हजार. घराचा हप्ता २८, घरखर्च ३५, मुलाची फी आणि क्लास ८, आईची औषधं व विमे ४. उरले १५ हजार. तो खूश झाला. म्हणाला, ९ टक्क्यांनी आठ लाखांचा सात वर्षांचा हप्ता १२,८७१ बसतो, म्हणजे जमतंय!

म्हटलं, थांब. हा नुसता हप्ता झाला, गाडी अजून जागची हललेली नाही. महिन्याला सातशे किलोमीटर धरले, शहरात लिटरला पंधराचं अॅव्हरेज, लिटरचा भाव शंभराच्या पुढे. पेट्रोललाच पाच हजार गेले. विमा महिन्यावर वाटला तर दोन हजार, सर्व्हिसिंग-टायर-टोलचे दीड हजार. झाले साडेआठ. पंधरातून साडेआठ गेले की हप्त्याला साडेसहा उरतात. पाच वर्षांच्या मुदतीत लाखाला हप्ता २,०७६ पडतो. म्हणजे कर्ज झेपतं तीन लाखांचं. साठवलेल्या चार लाखांतले दोन अडीअडचणीला बाजूला ठेवायचे. तीन आणि दोन, पाच लाख. तेही ऑन-रोड! शोरूमच्या किमतीवर आपल्या राज्यात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रोड टॅक्स लागतो, शिवाय विमा. थर्ड पार्टीचा तर नव्या गाडीला तीन वर्षांचा एकदमच भरावा लागतो.

त्याचा चेहरा पडला. मुदत वाढवली की हप्ता कमी होतो हे खरं, पण आठ लाखांवर पाच वर्षांत व्याज जातं १ लाख ९६ हजार, सात वर्षांत २ लाख ८१ हजार. आणि इकडे विम्याच्या हिशेबात पाच वर्षांत गाडीची किंमत निम्मी होते. कर्ज जिवंत आणि गाडी म्हातारी!

आणखी एक. कुणी ‘फक्त ५ टक्के’ म्हणालं तर फ्लॅट की रिड्यूसिंग, हे विचारा. पाच वर्षांसाठी फ्लॅट ५ म्हणजे रिड्यूसिंगने ९ च्या थोडे वरच. फ्लॅटमध्ये फेडलेल्या पैशांवरही व्याज चालू राहतं. हे काऊंटरवर आपणहून सांगणारे थोडे.

आता तुम्ही म्हणाल, हा माणूस स्वतः फार शहाणा. सौ. पुढच्या रांगेत बसल्या आहेत, म्हणून खोटं बोलता येत नाही. २००१ साली मी गाडी घेतली. स्टाफ लोन, व्याज कमी, सगळे सहकारी घेत होते, मीही घेतली. हिशेब केला तो फक्त हप्त्याचा. दोन वर्षांनी मुलीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, आठ दिवसांत फी भरायची होती आणि खात्यात काही नव्हतं. हिच्या पाटल्या गहाण ठेवल्या. माझ्या शाखेत नाही, तिथे लाज वाटली असती. दुसऱ्या भागातल्या शाखेत गेलो, तोही रिक्षाने. गाडी खाली उभी होती, पण पेट्रोल नव्हतं. पाटल्या सुटायला दीड वर्ष लागलं. ती एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

हे मी त्या मुलाला सांगितलं नाही, आज पहिल्यांदाच सांगतोय. त्याला एवढंच म्हटलं की तुझ्या आकड्यावर विश्वास असेल तर सहा महिने ते पंधरा हजार रिकरिंगमध्ये टाक आणि गाडी घेतली असं समजून राहून बघ. तो नाराज होऊन गेला. आठ-दहा दिवस लिफ्टमध्ये नुसती मान हलवायचा.

परवा जिन्यात भेटला. पहिला हप्ता भरलाय म्हणाला. दुसऱ्या महिन्यात आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, तेव्हा बघू. आणि विचारत होता, की तीन वर्षं वापरलेली गाडी घेतली तर पार्किंगच्या यादीत नंबर तोच राहील ना? त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. सेक्रेटरीसाहेब समोरच आहेत, त्यांनी द्यावं.